मोठी यादी आणि तिचा दृश्य भाग

ग्रंथालयाच्या नोंदवहीत सहस्रावधी ग्रंथांची नोंद असते. परंतु ग्रंथपालाला एका वेळी ती सर्व नको असते. आज कोणते ग्रंथ वाचकांकडे आहेत, एवढेच त्याला पुष्कळदा पाहावयाचे असते. हीच वही संगणकावर असली, म्हणजे मोठ्या यादीतील नेमका भाग पडद्यावर दाखविण्याचे काम आज्ञावलीकडे येते. काम सोपे दिसते खरे. परंतु त्यात एक चूक अशी दडलेली आहे, की तिच्यामुळे एका वाचकाचे देणे दुसऱ्याच्या माथी बसते. ती चूक कोणती व ती कशी टाळावी, हे या पाठात पाहू.

१. आज्ञा आणि विधान

व्याकरणातील आज्ञार्थी व विधानार्थी वाक्यांचा भेद विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पडद्याची रचना करण्याच्याही अशाच दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत संगणकाला एकामागून एक आज्ञा दिल्या जातात : ‘ही ओळ पुसून टाक, खालची वर सरकव, नवी येथे घाल.’ दुसऱ्या रीतीत केवळ विधान केले जाते : ‘जे ग्रंथ बाहेर आहेत, त्या प्रत्येकाची एक ओळ पडद्यावर असते.’ मूळ नोंद बदलली, की त्या विधानाप्रमाणे पडदा पुन्हा जुळवून घेणे हे संगणकाचे काम होय. २०१३ साली फेसबुकने खुली केलेली रिॲक्ट, २०१९ साली ॲपलने जाहीर केलेली स्विफ्टयूआय आणि २०२१ साली गूगलची पहिली स्थिर आवृत्ती निघालेली जेटपॅक कंपोज ही साधने या दुसऱ्या रीतीची आहेत.

२. यादी एकच असावी

‘बाहेर गेलेले ग्रंथ’ अशी दुसरी यादी तयार करून ती निराळी जपून ठेवावी, असा मोह नवशिक्यास होतो. तसे केल्यास प्रत्येक बदल दोन ठिकाणी करावा लागतो. आणि एखादे दिवशी एके ठिकाणी तो राहून गेला, की दोन याद्या दोन निरनिराळ्या गोष्टी सांगू लागतात. म्हणून जपून ठेवावयाची ती मूळ यादी आणि निवडीचा नियम. दृश्य भाग हा त्या दोहोंपासून दर वेळी नव्याने काढावयाचा. काही शे नोंदी अशा गाळून घेण्यास संगणकाला लागणारा वेळ आपल्या लक्षातही येत नाही.

३. स्थान म्हणजे ओळख नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, यादीत १०१ ते १०६ या दाखलांकांचे सहा ग्रंथ क्रमाने आहेत आणि त्यांपैकी १०२, १०४ व १०५ बाहेर आहेत. पडद्यावर या तीनच ओळी दिसतील. १०४ घेतलेला वाचक तो परत करतो आणि ग्रंथपाल दुसऱ्या ओळीवर ‘परत आला’ अशी खूण करतो. आज्ञावलीने ‘दुसरा’ एवढेच ध्यानात ठेवून मूळ यादीतील दुसऱ्या नोंदीवर ती खूण केली, तर काय होईल? तेथे आहे १०२! ज्याने ग्रंथ परत दिला, त्याच्या नावावर तो तसाच राहील व पुढे दंडही चढेल. आणि ज्याने दिला नाही, तो मोकळा सुटेल. संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. कारण त्याच्या दृष्टीने आज्ञा बिनचूक पाळली गेलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीने स्वतःचे स्थान नव्हे, तर आपला दाखलांक बरोबर बाळगावा. आणि बदल करताना मूळ यादीत तोच दाखलांक शोधावा. १०४ परत येताच १०५ तिसऱ्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर येतो. त्याचा दाखलांक मात्र ढळत नाही. वर सांगितलेल्या तिन्ही साधनांत प्रत्येक ओळीला अशी स्थिर खूण देण्याची सोय आहे. खुणेऐवजी स्थानच वापरले, तर एका ओळीतील चौकटीत लिहिलेला अर्धवट शेरा पुढच्याच ग्रंथासमोर जाऊन बसतो, असाही अनुभव येतो.

४. फार लांब यादी

गाळून घेतलेला भागही हजारो ओळींचा असू शकेल. अशा वेळी पडद्यावर मावतील तेवढ्याच, किंवा त्यांहून थोड्या अधिक, ओळी उभ्या करतात आणि वाचक पुढे सरकेल तसतशा नव्या घडवितात. येथेही वरचाच नियम लागू पडतो : दिसणारा भाग बदलतो, नोंदीची ओळख बदलत नाही.

सरावासाठी

वरील उदाहरणात १०४ ची नोंद योग्य रीतीने परत झाली व त्यानंतर १०१ बाहेर गेला. आता पडद्यावर कोणत्या ओळी दिसतील? १०५ कितव्या ओळीवर असेल? केवळ स्थान पाहून त्या ओळीवर खूण केल्यास मूळ यादीतील कोणत्या ग्रंथाला ती लागेल, आणि तो ग्रंथ त्या वेळी कोठे असेल? कागदावर दोन्ही याद्या मांडून उत्तर काढावे.