कैलासाची वाट

अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर होय. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. मनात आले की कोणीही ते चढू शकतो. कैलासाचे तसे नाही. कैलास व मानससरोवर हिमालयापलीकडे तिबेटात, चीनच्या हद्दीत आहेत. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय यात्रेकरूंना ती वाट बंद होती. ती १९८१ साली खुली झाली. २०२० पासून पाच वर्षे यात्रा पुन्हा थांबली व २०२५ मध्ये सुरू झाली.

भारताचे परराष्ट्र मंत्रालय अर्ज मागवते, सोडत काढते आणि यात्रेकरूंच्या तुकड्या पाडते. २०२५ साली पन्नास-पन्नास जणांच्या पंधरा तुकड्या ठरल्या. प्रत्येक तुकडीबरोबर सरकारी अधिकारी असतो. सर्वांनी बरोबर जावे व बरोबर परतावे, असा नियम आहे.

निघण्यापूर्वी दिल्लीत प्रकृतीची तपासणी होते. लिपुलेखच्या मार्गावर गुंजी येथे ती पुन्हा होते. तेथे रक्तदाब फार वाढलेला आढळल्यास यात्रेकरूला अर्ध्या वाटेवरून परतावे लागते. हे कठोर वाटेल. परंतु परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५,६०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून उंच आहे. तेथील हवा विरळ असते. एकाने आपले दुखणे लपविले, तर त्याच्या प्राणांवर बेतते आणि साऱ्या तुकडीचा खोळंबा होतो. म्हणून वेळीच मागे फिरणारा यात्रेकरूही आपल्या सोबत्यांचे हितच करीत असतो.

स्वाध्याय : गुंजी येथे पुन्हा तपासणी का करतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.