ओळीतला अपूर्णांक

लातूर-नांदेडच्या क्लासेससाठी सराव प्रश्नपत्रिकांचं डीटीपी करताना मी सगळ्यात जास्त जपते ते अपूर्णांकांना. एका पेपरात टाकी '२ १/२ तासांत' भरायची होती. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना मधली मोकळी जागा उडाली आणि छापून आलं '२१/२ तास'. अडीचाचे साडेदहा झाले. मुलांची रीत बरोबर होती, पण उत्तर एकाही पर्यायाशी जुळेना. घड्याळ लावून सोडवायच्या पेपरात अशा प्रश्नावर गेलेला वेळ पुढच्या प्रश्नांना कमी पडतो.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी म्हणून एवढं पाळावं.

साध्या मजकुरात पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे शब्दच लिहा. 'अडीच एकर' वाचताना कुणीही अडखळत नाही. आकडेच हवे असतील तर २.५ लिहा, मिश्र अपूर्णांक ठेवायचाच असेल, तर मधली जागा न तुटणारी घाला.

गणितात तिरकी रेघ वापरली की कंस हवाच. १/२क्ष म्हणजे क्षचा अर्धा, की एक भागिले दोन क्ष? (१/२)क्ष किंवा १/(२क्ष) असं स्पष्ट लिहा. आडव्या रेघेला कंस लागत नाही. पण मराठी ओळीत वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात. तिथे अंश-छेद कोंबले की आकडे बारीक होतात, नाहीतर ओळी फाकतात. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतही ओळीतला अपूर्णांक लहान होतो आणि स्वतंत्र ओळीवरचा मोठा. अंश-छेदात पदं जास्त असतील, तर स्वतंत्र ओळच द्या.

आपोआप होणाऱ्या बदलांवर नजर ठेवा. इंग्रजी आकड्यांतला अर्धा वर्ड ½ असा जोडून टाकतो, तीन-अष्टमांश मात्र सुटाच राहतो. एका पानावर दोन तऱ्हा दिसतात. अपूर्णांक जोडणारी फॉन्टची सोय सबंध मजकुराला लावू नका. '७/१२ उतारा' आणि '१७/९/१९४८' हेही अपूर्णांक होऊन बसतील. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर प्रत्येक अपूर्णांक मूळ प्रतीशी ताडून पाहा.

छापण्याआधी कागदावरचं प्रूफ ते गणित न पाहिलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. 'एक छेद दोन' म्हणून तो थबकला, तर त्याला अर्थ समजावत बसू नका. तिथे कंस घाला.