‘रचनाच तशी आहे’ या उत्तराची पारख

संगणकप्रणाली मंद चालते या तक्रारीला पुरवठादाराकडून ‘ही त्रुटी नव्हे, रचनाच तशी आहे’ असे उत्तर मिळाले की तक्रारदाराची वाट तेथेच अडते. कारण देखभालीच्या करारात ‘त्रुटी’ म्हणजे बहुधा चुकीचे उत्तर किंवा बंद पडलेली प्रणाली एवढेच धरलेले असते, आणि बरोबर उत्तर फार उशिरा देणारी प्रणाली त्या व्याख्येबाहेर राहते. तथापि हे उत्तर खरे की खोटे याची परीक्षा घेता येते, आणि तिच्यासाठी ग्राहकाने प्रोग्रामर असण्याची गरज नाही.

मुद्दाम राखलेली संथता असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांनी मांडलेली ‘बीक्रिप्ट’ ही पासवर्ड साठवण्याची पद्धत हेतुतः संथ आहे: चोराला लाखो पासवर्ड झपाट्याने ताडून पाहता येऊ नयेत म्हणून प्रत्येक पडताळणीत जादा आकडेमोड घातलेली असते, आणि तिचे प्रमाण ठरवणारा अंक एकने वाढवला की काम दुप्पट होते. येथे उशिराचे कारण सांगता येते, तो कमीजास्त करता येतो आणि खातेदार वाढले म्हणून एका पडताळणीचा वेळ वाढत नाही. ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांची गती कमी केल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, तेव्हा हेतू होता, परंतु तो ग्राहकांना आधी सांगितलेला नव्हता. फ्रान्समध्ये याच कारणावरून २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला.

याउलट ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ हा खेळ सुरू होण्यास कित्येक मिनिटे लागत आणि खेळाडूंनी ते वर्षानुवर्षे सोसले. एवढा मोठा खेळ म्हटल्यावर वेळ लागणारच, असा समज सहज होण्याजोगा होता. २०२१ मध्ये कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रामरने दाखवून दिले की सुमारे ६३,००० वस्तूंची यादी वाचताना प्रणाली प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सर्व वस्तूंशी ताडून पाहत होती, म्हणजे जवळजवळ १९८ कोटी तुलना करीत होती, आणि शिवाय प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा मोजत होती. त्याच्या दुरुस्तीने हा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्ये सुधारणा केली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. त्या उशिराने कशाचेही रक्षण होत नव्हते.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका सहकारी पतसंस्थेत मार्चअखेर थकबाकीची यादी निघता निघत नसे, आणि ‘हिशेब अचूक यावा म्हणून प्रणाली सर्व नोंदी तपासते’ असे पुरवठादार ठामपणे सांगत असे. काउंटरपुढे ताटकळणाऱ्या सभासदांचा आणि रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून तो फुकट आहे असे मानले जाते, आणि हे अन्यायाचे आहे. एका शाखेची यादी आणि प्रत्येकी तेवढीच खाती असलेल्या दोन शाखांची एकत्र यादी यांचे वेळ मोजले, तेव्हा दुप्पट माहितीला जवळजवळ चौपट वेळ लागत असल्याचे दिसले. व्यवहारांच्या तक्त्यात खातेक्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शोधसूची, नव्हती. त्यामुळे प्रत्येक खात्यासाठी सगळे व्यवहार नव्याने चाळले जात. खाती दुप्पट आणि व्यवहारही दुप्पट, म्हणून काम चौपट. सूची घातल्यावर आकडे तेच राहिले आणि यादी वेळेत निघू लागली.

यावरून तक्रार कशी मांडावी हे ठरते. ‘फार हळू चालते’ या वाक्याला कोणीही दाद देत नाही. म्हणून तारीख, नोंदींची संख्या आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा, नेटवर्कवर खापर फुटू नये यासाठी तेच काम सर्व्हरवरही करून पाहावे, आणि नंतर लेखी विचारावे की हा उशीर कशासाठी ठेवला आहे, तो कोठे कमीजास्त करता येतो आणि नोंदी दुप्पट झाल्यास तो किती होईल. ज्याने उशीर खरोखर योजला आहे त्याच्याजवळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तयार असतात. नव्या खरेदीत तर हा प्रश्न करारातच मिटवावा: प्रात्यक्षिक रिकाम्या प्रणालीवर न घेता पाच वर्षांनंतर अपेक्षित असलेल्या नोंदींवर घ्यावे, प्रमुख अहवालांची वेळमर्यादा आकड्यांत लिहून घ्यावी, आणि ती ओलांडल्यास ती त्रुटी समजली जाईल असे कलम घालावे.