एकाचे संकट, सर्वांचा डॉलर

मंडळी, घरचा कर्ता माणूस गेला की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. बाप वारला की महिना-दोन महिन्यांत पोराचे नाव पटावरून कमी व्हायचे. पाटीच्या जागी हातात विळा यायचा. असेच दुःख अमेरिकेत एका तरुणाने सोसले. त्यातून त्याने काय उभे केले, ते आज वाचू या.

त्याचे नाव मायकेल मॅक्गिव्हनी. जन्म १८५२ साली, कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावी. आईबाप आयर्लंड देशातून पोटासाठी आलेले. बाप पितळेच्या कारखान्यात ओतकाम करी. तेरा भावंडांत मायकेल थोरला. तो धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता, तोच १८७३ साली बाप वारला. शिक्षण सुटायची वेळ आली. पण चर्चच्या वडीलधाऱ्यांनी मदत केली. १८७७ साली तो कॅथलिक धर्मगुरू झाला आणि न्यू हेवन शहरातल्या सेंट मेरी चर्चमध्ये काम करू लागला. आता लोक त्यांना फादर म्हणू लागले.

तिथे आयरिश मजूर पुष्कळ. काम जोखमीचे. कर्ता गेला की बायकापोरांची दैना. कधी कधी पोरे आईपासून तुटत. शिवाय हे लोक कॅथलिक, म्हणून इतरांना परके वाटत.

फादरनी विचार केला, नुसते हळहळून काय होणार? २ ऑक्टोबर १८८१ रोजी त्यांनी चर्चच्या तळघरात काही माणसे जमवली. २९ मार्च १८८२ रोजी संस्थेला सरकारी सनद मिळाली. नाव ठेवले 'नाईट्स ऑफ कोलंबस'. नाईट म्हणजे जुन्या काळचा शूर घोडेस्वार. कोलंबस हा दर्यावर्दी कॅथलिक होता. आम्हीही या देशाचेच, हे त्या नावातून त्यांना सांगायचे होते.

संस्थेची रीत सोपी होती. आपल्याकडे सावड असते ना? आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. तसेच हे, फक्त पैशाचे. सभासद वारला की प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा. हजार सभासद, तर हजार डॉलर. ते विधवेच्या हाती पडत. सभासद हजारांवर गेले, तशी प्रत्येकाची वर्गणी कमी झाली. पण तरुण आणि म्हातारा सारखेच देत. तरुणाला जन्मभरात जास्त भरावे लागे. म्हणून पुढे वयाप्रमाणे वर्गणी ठरली.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या बाईला मिळे ती भीक नव्हती, बरं का! तिच्या नवऱ्याने दुसऱ्यांच्या घरांसाठी आधीच डॉलर दिलेले असत. म्हणून ती मान ताठ ठेवून पैसे घेई.

फादर १८९० साली वारले. वय अवघे अडतीस. पण काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धात संस्थेने सैनिकांसाठी विसाव्याच्या जागा चालवल्या. तिथे कुठल्याही धर्माच्या सैनिकाला मज्जाव नव्हता. आज संस्थेचे सभासद वीस लाखांवर आहेत. विम्याचे काम चालू आहे. गरीब मुलांना थंडीचे कोट देणे, संकटात धावून जाणे, हेही चालते. २०२० साली चर्चने फादरांना 'धन्य' म्हणून जाहीर केले.

एकट्याचा डॉलर तो केवढा? पण हजारांनी दिला, तर एक घर तगते.

आता बोला :
१. विधवेला मिळणारे पैसे भीक का नव्हते?
२. आपल्या गावात कर्ता माणूस गेला, तर त्या घराला कोण आधार देते?