शब्दाच्या तीन शक्ती



मराठीच्या पेपरात शब्दशक्तीचा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थी अभिधा, लक्षणा, व्यंजना यांच्या व्याख्या घडाघडा लिहितात. पण उदाहरण देताना त्यांची लेखणी अडते. वास्तविक ही उदाहरणे आपल्या घरात आणि शेतात रोज बोलली जातात. ती कशी, ते पाहू.

अभिधा : शब्द ऐकताच जो सरळ, रूढ अर्थ कळतो तो वाच्यार्थ. तो देणारी शक्ती म्हणजे अभिधा. 'मानवत परभणी जिल्ह्यात आहे' या वाक्यात मानवत म्हणजे ते गाव. दुसरा अर्थ नाही.

लक्षणा : सरळ अर्थ घेतल्यास वाक्य जुळत नाही, तेव्हा त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ घ्यावा लागतो. 'मिरवणुकीला सगळं मानवत लोटलं.' गाव जागचे हलत नाही. लोटली ती माणसे. हा झाला लक्ष्यार्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्या नावातील 'मूक' लोकांना वाचा होती; पण त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते. म्हणून येथेही लक्षणाच.

व्यंजना : सरळ अर्थ जुळतो, पण त्याच्या आडून आणखी काही सुचते. 'ऊन उतरलं' एवढेच कोणी म्हणाले, तर कापूस वेचणाऱ्या आईला घरचा स्वयंपाक आठवतो, गुराख्याला गुरे वळवायची आठवण होते, आणि ज्या घरात वीज नाही तेथील मुलीला कळते की पुस्तक मिटायची वेळ जवळ आली. शब्द तेच, परंतु ऐकणारा बदलला की सुचणारा अर्थ बदलतो. हा व्यंग्यार्थ होय.

आता एकाच शब्दात या तिन्ही शक्ती पाहा. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. बारा माशांचा एक तोळा होतो. अक्करमासा म्हणजे अकरा मासे, तोळ्याला एक मासा कमी. हा वाच्यार्थ. माणूस काही तराजूत घालत नाहीत. तरी विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला समाजाने 'अक्करमाशी' म्हटले, म्हणजे जन्मानेच उणा. हा लक्ष्यार्थ, आणि तो शिवी झाला. लेखकाने तीच शिवी आपल्या पुस्तकाचे नाव म्हणून मुखपृष्ठावर छापली. मग वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : उणे कोण, ते मूल की त्याला उणे म्हणणारा समाज? पुस्तकाच्या नावात हा प्रश्न कोठेही लिहिलेला नाही, पण तो ऐकू येतो. हीच व्यंजना.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याला शब्दशक्ती कळत नाही, त्याला दुसऱ्याने दिलेला अर्थ मुकाट्याने घ्यावा लागतो. ज्याला कळते, तो त्याच शब्दाला जाब विचारायला लावतो. तेव्हा हा धडा केवळ गुणांपुरता मानू नये.

स्वाध्याय : दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही पुस्तके वाचा. प्रत्येक नावाचा वाच्यार्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. 'बलुतं' हा शब्द त्यांनी स्वतः अनुभवलेला असू शकेल. उरलेले दोन अर्थ मात्र पुस्तक वाचून स्वतः शोधा.