बाईंना सांगून ठेवा

घरात कुणाला कॅन्सर निघाला की आपण सगळे आधी आवाज खाली आणतो. फाईल कपाटावर ठेवतो. पोरं खोलीत आली की विषय बदलतो. "आईला जरा बरं नाहीये" एवढ्यावर वेळ मारून नेतो. मायेपोटीच करतो. पण पोरांचे कान तिखट असतात. मावशीशी फोनवर बोलताना आपण रडलो, ते त्यांनी ऐकलेलं असतं. उरलेलं ती मनानंच रचतात.

आणि ते फार वाईट असतं हो. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असं लहानगं पोर खुशाल धरून बसतं. कुणी तिच्या ताटातला घास घ्यायला घाबरतं. म्हणून नाव घेऊनच सांगू या. कॅन्सर झालाय. तुझ्यामुळे नाही. कुशीत झोपल्यानं तो लागत नाही. केमोनं केस जाऊ शकतात, हेही आधीच सांगावं. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत उशीवर केस दिसायला लागतात. "बरी होईल ना?" असं विचारलं तर खोटं वचन नको. "डॉक्टर औषध देतायत, आणि जे कळेल ते तुला सांगू," एवढं पुरतं.

शाळेत सांगायचं तर मात्र जीव कचरतो. पोराकडे 'बिचारं' म्हणून बघतील, अशी भीती असते. पण बाईंना ठाऊकच नसेल तर वहीवर लाल शाईत 'पालकांनी लक्ष द्यावे' असा शेरा येतो, आणि पालक तेव्हा परळला टाटाच्या ओपीडीत नंबर लावून बसलेले असतात. तो शेरा दाखवायचा कुणाला, हे ओझं पोर एकटं वाहतं.

केमोच्या तारखा वर्गशिक्षकांना कळवा. वर्गात कांजिण्या किंवा ताप पसरला तर लगेच फोन करायला सांगा. केमो चालू असताना साधा संसर्गही जड जातो. मुलं गावी काकूकडे आणि आईबाबा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, असं कितीतरी घरांचं असतं. मग काकूचा नंबर शाळेत हवाच.

वर्गात कुणाला कळलेलं चालेल, हे मात्र मुलालाच विचारावं. कुणाला फक्त जिगरी दोस्त चालतो, कुणाला तोही नको असतो. शाळेतले ते पाच-सहा तासच त्याला घरचा विसर पडतो. मधल्या सुट्टीत खिदळताना दिसलं तर "याला काहीच कसं वाटत नाही?" असं मनात येऊ देऊ नका. वाटतं त्याला. खेळू द्या.

पालकसभेची वाट बघू नका. उद्या शाळा सुटताना पाच मिनिटं थांबा आणि बाईंशी बोला. तुम्हाला जमत नसेल तर आत्याला, मामाला पाठवा.