शेवाळाची काचपेटी : दोष तळाच्या खड्यांचा

काचपेट्या बनविणारे आणि शोभिवंत मासे विकणारे आपले बांधव बहुधा गोड्या पाण्याचे काम करतात. खाऱ्या पाण्याच्या लहान पेटीला दाम चांगला मिळतो, पण तीत हिरवे शेवाळ माजले की गिऱ्हाईक पेटी परत घेऊन दारात उभे राहते. आमच्यावर हा प्रसंग सातपाटीत आला. तो सविस्तर सांगतो, म्हणजे वाचकांचे पैसे वाचतील.

एका बोटमालकाच्या घरी आम्ही २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी बसविली. पाणी सुमारे ६० लिटर, तळाला दोन इंच जाड पांढरे खडे, आणि क्लाऊनफिशची जोडी. चौथ्या महिन्यात खडकांवर केसांसारखे शेवाळ लोंबू लागले. मालक म्हणाले, "समुद्र आमच्या दारात, आणि तुमच्या पेटीतलं पाणी सडतं कसं?" आम्ही दिवा कमी वेळ लावला, औषधही घातले. आठ दिवस बरे, पुन्हा तेच.

दोष खड्यांचा होता. जाड खड्यांच्या फटींत उरलेले खाणे व विष्ठा खाली उतरते, तेथे कुजते, आणि त्यातून नायट्रेट व फॉस्फेट पाण्यात येत राहते. शेवाळाला हे खतच! वरचे पाणी कितीही बदला, खत खालून मिळतच राहते.

कारण कळले, पण घाईने घात केला. आम्ही एकाच दिवशी सगळे खडे उपसले. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया पचविणारे जिवाणू त्याच खड्यांवर राहत होते. ते खड्यांबरोबर गेले, शिवाय तळाचा सडका गाळ पाण्यात उसळला. सकाळी जोडी मेलेली. भरपाई आम्हीच दिली.

दुसऱ्या खेपेस चार आठवडे घेतले. दर आठवड्याला तळाचा चौथा हिस्सा जाड नळीने पाण्यासकट ओढून काढायचा. १० ते १२ लिटर पाणी जाते; तेवढेच मिठाचे पाणी आदल्या दिवशी कालवून, घनता १.०२५ व उष्णता पेटीइतकीच ठेवून तयार असावे. नवी रेती पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी आणि रुंद नळीतून अलगद तळाशी सोडावी. थर इंचभर पुरे. या मापाच्या पेटीला सुमारे ७ किलो रेती लागते. दाणा १ ते २ मिलिमीटरचा घ्यावा, त्याहून बारीक रेती पंपाच्या झोताने उडते. या काळात खाणे निम्मे, दिवा आठ तासांच्या आत, आणि अमोनियाची तपासणी एक दिवसाआड. अमोनिया दिसला तर पुढचा हिस्सा काढणे थांबवावे. शेवाळ हाताने उपटून बाहेर टाकावे, पेटीत कुजू देऊ नये. सहाव्या आठवड्यात सातपाटीची काच स्वच्छ झाली.

आता रेती कोठली घ्यावी? सातपाटीची नको. तेथील रेतीत खाडीचा गाळ असतो, आणि किनाऱ्यावरून रेती उपसणे कायद्याने मना आहे. किनाऱ्याचे पाणीही आम्ही वापरीत नाही; तारापूर वसाहतीतील कारखान्यांना प्रदूषणाबद्दल हरित लवादाने २०२२ मध्ये दंड ठोठावला, एवढे सांगितले की पुरे. बोअरचे पाणीसुद्धा आर.ओ. यंत्रातून काढूनच मीठ घालावे.

बाजारात 'कोरल'च्या नावाने पांढरा चुरा मिळतो. आमचे ते पहिले खडे एका ठोक व्यापाऱ्याने असेच माथी मारले होते. हा मुद्दा शेवाळाहून गंभीर आहे. २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो की मेलेले, त्यांचा व्यापार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. तुकड्यावर चांदणीसारखी बारीक छिद्रे दिसली तर माल घेऊच नका, मग भाव कितीही कमी असो. व्हिनेगर टाकून फेस येतो का, ही परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण शिंपल्यांचा चुराही फेसाळतो.

आम्ही पाणी गाळण्याच्या टाक्यांत घालतात ती गारगोटीची रेती वापरतो, कधी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा चाळून घेतो. दोन्ही स्वस्त आहेत. खडक सिमेंट व शिंपल्यांच्या चुऱ्याचे हाताने घडविता येतात. ज्यांच्या घरी साच्याचे काम आहे त्यांना हा जोडधंदा होईल. मात्र सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, पाणी बदलत ते भिजवावे लागतात. ओला खडक घाईने विकला तर पाण्याचा पी.एच. चढतो आणि मासे मरतात, आणि पेटी पुन्हा आपल्याच दारात येते.